मराठी एकाच्या मागे इंग्रजी एक

प्रश्न: नमस्कार सर, आमचं गावात दूध संकलन केंद्र आहे, वडिलांसाठी पायथन आणि टीकेइंटरमध्ये (पायथनची विंडो-बटणं बनवायची लायब्ररी) बिलाचा छोटा प्रोग्रॅम करतोय. त्यांना आकडे मराठीतच पाहिजेत पण कीबोर्ड साधा इंग्रजी. एन्ट्री बॉक्सवर की इव्हेंट बाइंड करून (म्हणजे की दाबली की माझं फंक्शन चालेल असं जोडून) मराठी आकडा इन्सर्ट केला तर मराठी एक येतो आणि मागोमाग इंग्रजी एकपण येतो. वर नुसतं शिफ्ट दाबलं तरी एरर. दोन रात्री गेल्या, काय चुकतंय?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर: थोडक्यात हुकलंय. दाबलेली की चार दारांतून जाते, आधी तुमचा बॉक्स, मग एन्ट्री क्लास (सगळ्या एन्ट्री बॉक्सचं नेहमीचं वागणं), मग विंडो आणि शेवटी ऑल. तुमचं फंक्शन पहिल्या दारात बसलंय, त्याने मराठी आकडा टाकला पण की अडवलीच नाही, मग ती पुढे एन्ट्री क्लासकडे गेली आणि त्याने आपलं रोजचं काम केलं, इंग्रजी एक टाकला. फंक्शनमधून "break" ही स्ट्रिंग (इंग्रजी अक्षरांतच) रिटर्न करा, लूपमधलं ब्रेक नाही हं, अवतरणातलं. तेही आकडा बदलला तेव्हाच, नाहीतर बॅकस्पेससुद्धा बंद पडेल आणि वडील ओरडतील.

शिफ्टची भानगड वेगळी. शिफ्ट दाबल्यावर इव्हेंटचं कॅर (दाबलेल्या कीचं अक्षर) रिकामं येतं, आणि रिकामी स्ट्रिंग पायथनच्या मते कुठल्याही स्ट्रिंगमध्ये "इन" असतेच! म्हणजे तुमची 'हा आकडा आहे का' ही अट पास होते आणि पुढे इंट (स्ट्रिंगचा पूर्णांक करणारं) आपटतं. यात माझाही एक अख्खा रविवार गेलाय. आधी कॅर रिकामं नाही ना ते बघा.

की अडवली की क्लासची कामंपण तुमच्या गळ्यात. सिलेक्ट केलेला मजकूर आधी तुम्हीच डिलीट करायचा, मग इन्सर्ट. आणि कुणी आकडा पेस्ट केला तर तो या दारातून येतच नाही, त्यासाठी पेस्ट इव्हेंट वेगळा बाइंड करा. व्हॅलिडेट कमांडमध्ये (बॉक्समधला मजकूर तपासणारं फंक्शन) बदलाबदली करू नका, आतून मजकूर बदलला की व्हॅलिडेशन स्वतःच बंद होतं.

हिशोबाची काळजी नको, पायथनचं फ्लोट (स्ट्रिंगचा दशांश आकडा करणारं) "४.२" हा फॅट सरळ वाचतं. पण एस्क्यूलाइटमध्ये (नोंदी साठवायचा डेटाबेस) टाकताना आधी फ्लोट करून टाका, मराठी आकडे तसेच गेले तर ते अक्षरं म्हणून बसतात आणि महिन्याच्या लिटरची बेरीज शून्य येते.