बोधचिन्ह शिक्क्यात उमटेना

प्रश्न : आमच्या गावातल्या कला उपक्रमात चित्रं, नाटक, गाणी, मातीकाम असं बरंच काही चालतं. म्हणून बोधचिन्हात कुंचला, मुखवटा, वाद्य, चाक आणि मागे उगवता सूर्य घेतला. मोठ्या फलकावर ते शोभतं, पण पावतीवरच्या शिक्क्यात नुसता डाग उमटतो आणि रंगाऱ्याला भिंतीवर काढता येत नाही. काय चुकलं?

उत्तर : एका चिन्हात पाच चित्रं कोंबली गेली. शिक्क्यात दोन रेषांमधली फट शाईने भरते, झेरॉक्समध्ये बारीक रेघ तुटते. त्यामुळे फलकापासून नव्हे, शिक्क्यापासून सुरुवात करा.

सहभागी मंडळींना एकत्र बसवा. 5 सेंमीचे चौकोन आखून द्या आणि हातात जाड मार्करच द्या. पेन्सिल मिळाली की बारकावे शिरतात. एका चौकोनात एकच वस्तू, एकच रंग. वीस-तीस रेखाटनं झाली की तीन निवडा आणि प्रत्येक 15 मिमीपर्यंत लहान करा. मग झेरॉक्सची झेरॉक्स, असं तीनदा. जे ओळखू येतं ते ठेवा. शेवटी ते कधीच न पाहिलेल्या माणसाला पाच सेकंद दाखवून झाका आणि आठवणीने काढायला सांगा. त्याच्या कागदावर जे उतरेल तेवढंच तुमचं चिन्ह. बाकीचं खुशाल पुसा.

आपली कला चिन्हात नाही म्हणून कुणी दुखावेल, आणि ती भावना खरी आहे. त्यासाठी प्रत्येक कलेचं वेगळं चित्र त्याच जाडीच्या रेषेत करून घ्या. ती चित्रं पोस्टरवर, आमंत्रणावर आलटूनपालटून वापरा. मात्र एखादी आकृती विशिष्ट घराण्याची किंवा समाजाची असेल, तर आधी त्यांना विचारा आणि ती कुठे कुठे वापरणार ते लिहून द्या. नंतर मागितलेली परवानगी म्हणजे नुसती माफी असते.

भिंतीसाठी स्टेन्सिल, म्हणजे रंग भरायचा आकार कापून काढलेला साचा, तयार करा. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला बंद तुकडा कापताच गळून पडतो, म्हणून तिथे त्याला साच्याशी धरून ठेवणारी जोडपट्टी ठेवावी लागते; 20 सेंमीच्या अक्षराला साधारण 1 सेंमीची. रंग घट्ट हवा आणि स्पंज जवळपास कोरडा. पातळ रंग कडेखाली झिरपतो, आणि पुष्कळ स्टेन्सिल तिथेच बिघडतात.

प्रश्न : छापखान्यातून आलेल्या पत्रकात वेलांट्या आणि रफार भलतीकडेच गेले होते. आणि फलकावरचं अक्षर किती मोठं असावं?

उत्तर : तिथल्या संगणकावर तुमचा फाँट नसला किंवा सॉफ्टवेअर जुनं असलं की असं होतं. मजकुराचं रूपांतर ‘कर्व्ह्ज’मध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या रेखाकृतींमध्ये, करून पीडीएफ पाठवा, दुरुस्तीसाठी मूळ फाइल वेगळी ठेवा. मुक्ता आणि बालू हे फाँट खुल्या परवान्याचे, म्हणजे कुणालाही मोफत वापरता येणारे आहेत, बोधचिन्हातही चालतात. इतर फाँटचा परवाना वाचून घ्या. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो.

ढोबळ हिशेब असा : 3 मीटरवरून सहज वाचायला 2.5 सेंमी उंची. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा, मात्रा-उकार धरू नका.

प्रश्न : रंग किती घ्यावेत?

उत्तर : दोन पुरेत, पण चिन्ह आधी निव्वळ काळ्यात उभं राहायला हवं. छापील फलक उन्हात राहिला की सहसा पिवळी आणि किरमिजी शाई आधी उडते, म्हणजे लाल अक्षर फिकं पडतं. नाव काळ्यात किंवा गडद निळ्यात ठेवा. भिंतीच्या रंगाचा शेडकार्डवरचा क्रमांक टिपून ठेवा. एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी रेषा स्वच्छ राहणारी), पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी अशा तिन्ही फाइली निदान दोघांकडे असू द्या.