आधी विहिरीत डोकावून बघ

प्रिय मुली,

तुझं पत्र रात्री अकराला वाचलं आणि झोप उडाली. निविदेसोबतच्या जमिनीच्या तपासणी अहवालात खडक सहा मीटरवर दाखवलाय, साहेब म्हणतात तोच धरून रक्कम टाक, आणि तुला वाटतंय की अहवाल चुकला तर ज्यांनी दिला ते निस्तरतील. नाही निस्तरणार. ईपीसीत, म्हणजे डिझाइनपासून बांधकामापर्यंत सगळं कंत्राटदाराने ठोक रकमेत करायच्या करारात, तो कागद नुसता माहितीसाठी जोडलेला असतो. डिझाइन तुमचं, म्हणजे जमीनही तुमची. आकडा लिहिण्याआधी स्वतःचं बोअर घ्या, म्हणजे जमिनीत भोक पाडून खाली काय आहे ते बघा.

मी बी-२ फॉर्मवर, म्हणजे सरकारी बांधकाम खात्याच्या आयटम रेटच्या करारावर वाढलो. आयटम रेटमध्ये प्रत्येक कामाचे पैसे मोजून मिळतात; पाया दोन मीटर जास्त खोल गेला, तर मोजमाप पुस्तकात दोन मीटर चढायचे. कुरकुर व्हायची, पण बिल निघायचं. ठोक रकमेत काम अमुक टप्प्याला आलं की ठरलेला टक्का मिळतो. खाली किती खोदलंत ते कुणी विचारत नाही. हे माहीत असूनही, पहिली ईपीसी निविदा मी जुन्याच सवयीने भरली.

सहा खांबांचा पूल. अहवालात बोअर तीनच, दोन काठांवर आणि एक मधोमध. तिसऱ्या खांबाला खोदलं, काळा पाषाण लागला, मुकादमाने नारळ फोडला. खात्रीसाठी खाली ड्रिल लावलं. दीड मीटर गेल्यावर वर येणारं पाणी तांबडं झालं. ड्रिलने काढलेल्या नमुन्यांच्या, कोअरच्या पेटीत खडकाच्या करड्या कांड्या ओळीने होत्या आणि त्यांच्यापुढे नुसता लगदा. बोट लावलं तर गेरूसारखं माखलं. लाव्हाच्या दोन थरांमधला मऊ मातीचा पट्टा, तांबडा बोल म्हणतात तो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तो कुठे भेटेल याचा नेम नाही, हे कॉलेजात शिकलो होतो. उघडा खोदून बांधायचा पाया सोडून पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेले खांब, घ्यावे लागले. जादा पैसे मागितले, तर समोरच्याने शांतपणे करारातलं कलम काढून दाखवलं. कलम बरोबर होतं.

आता म्हणशील, तुम्ही तरी कुठे बोअर घेतलं? हातात एकवीस दिवस होते, पावसाळा होता, नदीत मशीन उतरत नव्हतं. रक्कम वाढवली असती तर काम दुसऱ्याला गेलं असतं आणि माझी माणसं घरी बसली असती. कुणी विचारलेलं नसतानाही मी हे सांगत असतो, यावरून काय ते समज. काठावर तरी दोन बोअर घेता आली असती.

आणि ‘आम्ही कोडप्रमाणे, म्हणजे डिझाइनच्या मानकाप्रमाणे केलं’ ही ढाल हातात घेऊ नकोस. विलायतेत रॉबिन रिग नावाची समुद्रातली पवनचक्क्यांची वसाहत आहे. तिथल्या पायांचं डिझाइन कंत्राटदाराने मान्य मानकाप्रमाणेच केलं. त्या मानकातच एका सूत्रातली किंमत चुकली होती. त्यामुळे पाया आणि वरचा खांब यांच्यातल्या जोडाची ताकद सुमारे दहापट जास्त दिसत होती. जोड सरकले. दुरुस्तीचा खर्च 2.625 कोटी युरो. करारात मात्र वीस वर्षं टिकेल असं डिझाइन मागितलेलं होतं, म्हणून 2017 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भार कंत्राटदारावरच टाकला. मानकातली चूक त्याची नव्हती, तरी!

‘साहेब बोअरचा खर्च मंजूर करणार नाहीत,’ असं लिहितेस. विचारलंस का? लेखी? मनातल्या मनात नकार ऐकून गप्प बसणारी माणसं मी खूप पाहिली, त्यातला एक मीच. निविदा भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगला प्रश्न दे. तरीही नाहीच म्हणाले, तर पायाच्या खर्चात जमिनीच्या जोखमीची वेगळी ओळ घाल आणि तिच्यापुढे सही कर. साहेबांना ती खोडायची असेल तर त्यांच्या पेनाने खोडू दे. पण आधी बोअर माग. बोअर, बोअर आणि बोअर.

रविवारी जागेवर जाणार आहेस ना? नदीकाठच्या शेतांत विहिरी असतील. शेतकऱ्याला विचार, पाषाण किती हातांवर लागला, सुरुंग कुठवर लावावे लागले. बॅटरी घेऊन आत डोकाव. काळ्या कातळाच्या मध्येच तांबडा पट्टा दिसला, तर दोरी सोडून खोली मोज आणि तिथूनच मला फोन कर.