आधी भिंतीवरचे डाग बघा

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. साताऱ्यात आमच्या जुन्या घरात एकटी राहते, पुण्याला यायला तयार नाही. गेल्या महिन्यात न्हाणीघरात तिचा पाय घसरला, थोडक्यात निभावलं. बहीण म्हणते, घरभर कॅमेरे लावू. आई म्हणते, ‘माझ्या घराचा दवाखाना करू नका.’ सुरुवात कुठून करू?

उत्तर : आईंच्या बाजूने बोलते, राग मानू नका. कॅमेऱ्यात पडलेली आई दिसेल, तीही तुम्ही त्या वेळी फोन बघत असलात तर. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे माणसाला रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करते. अशा घरात गेले की सामानाची यादी काढत नाही, आधी भिंती बघते. म्हाताऱ्या माणसाचा हात रोज जिथे टेकतो तिथे काळपट, तेलकट डाग पडलेला असतो. न्हाणीच्या दाराशी, पलंगाच्या डोक्याशी, देवघराच्या चौकटीवर. आधाराचा दांडा तिथेच हवा. तेव्हा दिवाळीला भिंती रंगवण्याआधी ते डाग बघून घ्या.

टॉवेलच्या दांडीवर मात्र भरवसा ठेवू नका. माझ्याच आईने घसरताना ती धरली, दांडी स्क्रूसकट हातात आली आणि मनगट मोडलं. मी या व्यवसायात, आणि माझ्याच घरात ही गत! आधाराचा दांडा वेगळा मिळतो. तो विटांच्या पक्क्या भिंतीत अँकर फास्टनरने (भिंतीत फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) बसवायचा आणि बसवल्यावर तुम्ही स्वतः त्याला लोंबकळून बघायचं. जुन्या घराची भिंत मातीची असेल तर फास्टनर धरणार नाही. तिथे जमिनीवर घट्ट उभी राहणारी चौकट घ्या. उंची आईंना उभं करून ठरवा, प्लंबरच्या अंदाजाने नको.

आई पाटावर बसून अंघोळ करत असतील, तर घसरण्याचा धोका उठताना जास्त. रबरी बुडाची, हात असलेली खुर्ची द्या. आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असं कुलूप लावा. दार आत उघडत असेल तर सुताराकडून ते बाहेर उघडेल असं करून घ्या. माणूस दाराला टेकून पडला तर आत ढकलायचं दार उघडतच नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारते : पाणी तापवायला गॅस गीझर तर नाही ना? बंद न्हाणीघरात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढा. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो आणि त्याला वास नसतो. विजेचा गीझर असेल तर त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच, आहे का, हे वायरमनला विचारा.

रात्रीचं म्हणाल, तर पलंगापासून संडासापर्यंत वाट मोकळी हवी आणि दिवा हवा. साताऱ्याच्या पावसात वीज जाणारच, म्हणून चार्ज होणारा बल्ब लावा. सुटी पायपुसणी उचला. बीपीची गोळी चालू असेल तर उठल्या उठल्या चालू नये, पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसावं. त्यातूनही चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळ्यांची वेळ किंवा मात्रा ते बघतील. वरच्या फळीवरचे रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणा; कुठला डबा कुठे, ते मात्र आईंनीच ठरवू दे. तुम्ही परस्पर लावलेत तर तुमची पाठ वळताच त्या स्टुलावर चढून परत वर ठेवतील!

फोनमध्ये पहिला नंबर शेजारणीचा, मग १०८. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे, पण ती रुग्णवाहिका नव्हे. एक किल्ली शेजारणीकडे द्या आणि तिच्याशी एवढंच ठरवा : सकाळी आठनंतरही दुधाची पिशवी दाराला लटकलेली दिसली, तर आधी हाक मारायची, ओ आली नाही तर कुलूप उघडायचं.