पहिल्या रमजानचा बेत

पहिल्या रमजानसाठी तू केलेली यादी वाचली. रोज कुराणाचा एक पारा (तिसावा भाग), तहज्जुद म्हणजे रात्री उशिराची ऐच्छिक नमाज, दुआ (प्रार्थना) पाठ करणं, मोबाइल बंद. अरे, कळंगुटच्या हॉटेलातली तुझी संध्याकाळची पाळी त्यात कुठेच दिसत नाही!

कुराणाचं गणित सोपं आहे. तीस पारे, मदिनेच्या छापील प्रतीत 604 पानं. प्रत्येक नमाजनंतर चार पानं वाचलीस की दिवसाला वीस होतात आणि महिन्यात खतम, म्हणजे पूर्ण कुराणाचं वाचन, जवळपास पूर्ण होतो. पण अरबी अडखळत वाचत असशील तर चाराचं एक कर आणि सोबत मराठी अर्थ बघ. थोडं पण नेमानं केलेलं काम अल्लाहला जास्त आवडतं, असं हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे.

पहिल्याच आठवड्यात दमून जाऊ नकोस. शेवटच्या दहा रात्रींसाठी रजा आत्ताच मागून ठेव. शब-ए-कद्र, म्हणजे कुराण उतरलं ती पवित्र रात्र, त्यातल्या 21, 23, 25, 27, 29 या रात्रींत शोधायची असते.

सुधारायला स्वभावातली एकच गोष्ट धर. तुझ्या बाबतीत चहाड्या ऐकणं, स्पष्टच सांगतो. सहरी, म्हणजे पहाटेचं खाणं, चुकवू नकोस, गोव्याच्या उकाड्यात पाणी पिऊनच रोजा धर. जकातीचा (सक्तीच्या दानाचा) हिशेब, म्हणजे बचत वर्षभर निसाबाइतकी (ठरलेल्या किमान मर्यादेइतकी) किंवा जास्त असेल तर त्या सगळ्या बचतीचे अडीच टक्के, रमजानआधी उरक. ईदच्या गडबडीत तो हमखास राहतो.