चाकं तिरकी केली की झालं?

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची आहे. मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअर वापरते. सध्या बास्केटबॉलचं वेड लागलंय. आमचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो, "आहे त्या घडीच्या खुर्चीचीच चाकं तिरकी वेल्ड करून देतो." चालेल का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, त्या खुर्चीला वेल्डिंग लावू देऊ नका. घडीच्या खुर्चीत सीटखाली घडी घालणाऱ्या दोन नळ्यांची कात्री असते. हाताचा बराच जोर ती कात्रीच गिळते. खेळाची फ्रेम अखंड हवी.

आधी पोरीचं माप. तिला सपाट स्टुलावर बसवा, कमरेखाली दोन्ही अंगांना एकेक पुस्तक उभं टेकवा, मधलं अंतर मोजा. सीट जवळजवळ तेवढीच. 18 इंची खुर्चीत बारीक अंगाची पोर घरंगळते. खुर्ची आधी वळते, पोर मागाहून. आपल्याला वाढत्या अंगाचं शिवायची सवय, ती इथे नको. वाढ लांबीत द्या, फुटरेस्ट सरकतं ठेवा. मात्र खेळून आल्यावर मांड्या आणि बसायची जागा रोज बघा. तिला टोचलेलं कळत नसेल, तर लाल डाग तुम्हालाच दिसायला हवा.

आता चाकं. बास्केटबॉलला साधारण 15 ते 20 अंश तिरकी ठेवतात. पाया रुंद होतो, खुर्ची झटकन वळते, शिवाय धडक चाकाच्या खालच्या कडेला बसते, बोटं वाचतात. मी बनवलेली पहिली खुर्ची दिसायला झकास होती. खेळाडू दोन फेऱ्या मारून म्हणाला, "काका, ब्रेक लागलाय का?" मी आयत्या वेळी पुढची छोटी चाकं मोठी बसवली होती. फ्रेम पुढून उचलली गेली, ॲक्सलची आडवी नळी फिरली आणि मोठी चाकं पुढून बाहेर फाकली. ॲक्सलच्या उंचीवर टेप धरला तर पुढे-मागे 8 मिलिमीटरचा फरक! रात्रभर नळी सोडवत बसलो. तुमच्या माणसाला सांगा, पोरीला बसवूनच हे माप घे.

मागे उलटू नये म्हणून पाठीमागे छोटं चाक लागतंच. पायांपुढचा आडवा बार जमिनीपासून 11 सेंटिमीटरवर. सगळ्यांचा एकाच उंचीवर असला की बार बारवर आपटतो, पाय मध्ये येत नाहीत.

पुस्तकांमधलं अंतर आणि पोरीचं वजन कळवा. नळी कोणती घ्यायची ते सांगतो.