तिकिटावर मुंबई, मग पनवेलला का उतरायचं?

प्रश्न : आम्ही दोघं दिल्लीला मुलीकडे निघालोय. साताऱ्याहून एसटीनं येऊ. तिकिटावर मुंबई लिहिलंय आणि जावई म्हणतात, पनवेलला उतरा. मुंबईला विमानतळ आहेत तरी किती? – एक आजोबा, सातारा

उत्तर : जावईबापूंचं बरोबर असणार, तरी तिकीट चष्मा लावून बघाच. शहराच्या नावाजवळ तीन इंग्रजी अक्षरं असतात. बीओएम असेल तर जुना विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबईचा, उलव्याजवळचा. तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटतात. तुमची एसटी पनवेलवरूनच पुढे जाते, म्हणजे सायनच्या गर्दीतून सुटका. पनवेलहून रिक्षा किंवा टॅक्सी करा.

जुन्याला जागाच उरली नाही हो. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. एकीवर विमान असलं की दुसरीनं थांबायचं. भोवती वस्ती आणि टेकड्या, वाढणार कुठे? नव्यासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदी वळवली, गावं उठवली. आणि जुहू? कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा १९३२ साली उतरले ते तिथेच. आता तिथे हेलिकॉप्टरं. तुमच्या कामाचं नाही, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

बीओएम निघालं तर टर्मिनलही बघा. टी-१ म्हणजे सांताक्रूझ, टी-२ म्हणजे सहार. धावपट्ट्या त्याच, दारं मात्र वेगळी. दादरला तिकिटं काढून द्यायचं काम मी बावीस वर्षं केलं, आणि सख्ख्या आत्यालाच सवयीनं सांगून बसले, "सांताक्रूझला जा." विमान होतं सहारहून. बेसनलाडवांचा डबा मांडीवर धरून आत्या रिक्षातून पोचली तेव्हा काउंटर बंद व्हायला चार मिनिटं होती. लाडू दिल्लीला गेले, आत्या मात्र महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आणि हो, परतीचं तिकीटही आत्ताच नीट बघून ठेवा. जाताना एनएमआय आणि येताना बीओएम, असं सर्रास होतं. तसं असलं तर उतरल्यावर पनवेल गाठायची धडपड करू नका. चेंबूरला मैत्री पार्कला या, साताऱ्याच्या गाड्या तिथे थांबतात. सामान मात्र हलकं ठेवा. मुलगी काय काय बांधून देईल, ते तिलाच आधी विचारून घ्या.