पक्षी-फुलपाखरांसाठी बागेत शोभेचं देशी गवत कोणतं लावावं?

तुम्ही लिहिलंय की नर्सरीवाला पंपास नाहीतर फाउंटन ग्रास घ्या म्हणून मागे लागलाय, आणि तुम्हाला मात्र इथलंच गवत हवंय, दिसायला बरं आणि पाखरं येतील असं. मी सरळ सांगतो, मारवेल लावा. पुण्याबाहेर आमच्या घरामागे २० बाय १५ फुटांचा मुरमाड तुकडा आहे, त्याच्या जोरावर बोलतोय.

पंपास मूळचं दक्षिण अमेरिकेचं, फाउंटन ग्रास उत्तर आफ्रिकेकडचं. पहिल्याने कॅलिफोर्नियात आणि दुसऱ्याने हवाई बेटांवर कुंपणाबाहेर पडून जो धुमाकूळ घातलाय, तो बघता पैसे देऊन ती घरात आणायची माझी तरी तयारी नाही. मारवेल मात्र दख्खनच्या माळाचंच. इथल्या गवताळ रानांना अभ्यासक 'सेहिमा-डायकॅन्थियम' प्रकार म्हणतात. त्यातलं सेहिमा म्हणजे पवना आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. शेतकरी ते बांधावर वैरणीसाठी लावतात, बहुतेक म्हणूनच नर्सरीवाल्यांना त्यात शोभा दिसत नसावी.

ओळखायची खूण सोपी आहे. काडी हातात घ्या, प्रत्येक गाठीभोवती पांढऱ्या लवेचं कडं दिसेल. पावसाळ्याच्या शेवटी काडीच्या टोकाला बोटं पसरल्यासारखा जांभळट तुरा येतो. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात तो बघा, पंपास विसराल.

मी स्वतः सुरुवात चुकीची केली होती. माळावर वाऱ्यात डोलणारी कुसळी बघून भुललो आणि तीच आणून लावली. सुंदर दिसते, वादच नाही. पण दसऱ्यानंतर तिची काळपट कुसळं एकमेकांत गुंतून पेंड्या झाल्या आणि पायमोजे, चादरी, शेवटी कुत्र्याचा कान, सगळीकडे घुसल्या. डॉक्टरांनी चिमट्याने कुसळ काढलं तेव्हा कुत्र्यापेक्षा मीच जास्त कळवळलो. त्या कुसळाची करामत मात्र एकदा बघाच. सुकं कुसळ तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब टाका, पीळ सुटायला लागतो आणि ते स्वतःभोवती गिरक्या घेतं. ओल्या-सुक्याच्या या खेळात बी बर्म्यासारखं जमिनीत शिरतं. कानातही तसंच शिरतं! घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर कुसळी माळावरच राहू द्या.

लावणी बियांनी करायच्या भानगडीत पडू नका, उगवण फार बेभरवशाची असते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून बांधावरचे ठोंब मागून घ्या, टेकडीवरून उपटून आणू नका. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की दीड-दोन फुटांवर एकेक ठोंब लावायचा. खत अजिबात नको. शेणखत घातलेल्या वाफ्यातलं माझं मारवेल माजलं आणि पहिल्याच वाऱ्यात आडवं झालं, मुरमातलं ताठ उभं राहिलं. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे वाळा लावा, तो ओल आवडीने पितो.

आता पाखरं. ठिपकेदार मनोली आमच्याकडे पावसाळ्यातच येते, दाण्यांच्या आधी घरट्यासाठी. हिरवं पातं बुडाशी तोडते आणि स्वतःच्या तिप्पट लांबीची ती शेपटी मागे लोंबकळवत बोगनवेलीकडे उडते. अर्ध्या वाटेत पातं पडलं तर ते उचलत नाही, नवीन तोडायला परत येते. दाणे खायला थवा येतो तो तुरे पिकल्यावर. गठ्ठ्याच्या सावलीतल्या बाजूला पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका. डोक्यावर दोन शिंगं असलेली हिरवी अळी सापडेल, वरून पाहिलं तर चेहरा थेट मांजरीचा. ती कॉमन इव्हिनिंग ब्राउन या फुलपाखराची. पावसाळ्यात त्याच्या पंखांवर डोळे असतात. कोरड्या दिवसांत ते जवळजवळ नाहीसे होतात, आणि फुलपाखरू वाळक्या पानात बसलं की सापडत नाही.

म्हणूनच वाळलेलं गवत कापायची घाई नको. नोव्हेंबरनंतर ते पिवळं पडतं आणि येणारा-जाणारा 'साफ करून घ्या की' म्हणतो. मी फेब्रुवारीपर्यंत थांबतो, मग वीतभर बुंधा ठेवून निम्मे गठ्ठे कापतो. उरलेले पुढच्या वर्षी. सापाची भीती वाटत असेल तर दारापासून आणि पायवाटेपासून गवत लांब ठेवा, गठ्ठ्यांमध्ये जमीन दिसेल एवढी मोकळी जागा सोडा. दिवाळीत फटाके त्या बाजूला नकोत, सुकं मारवेल क्षणात पेटतं.

आणि माळीबुवांना आधीच सांगून ठेवा. दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑक्टोबरमध्ये आठवडाभर गावी गेलो होतो. परत आलो तर सगळं जमिनीलगत भादरलेलं, आणि कुंपणावर मनोल्या ओळीने बसलेल्या. बुवा खुशीत होते, 'साहेब, जंगल झालं होतं, काढून टाकलं!'